टाकीत आधी किती पाणी होतं

देवांगन गुरुजींचं नाव आधी लिहितो. नोकरीतल्या आठवणी लिहायला बसलोय, बाकीची माणसं आपापल्या जागी येतीलच. पण मी जो काही झालो तो ज्यांच्यामुळे झालो, त्यांचं नाव मधेच कुठेतरी आलं तर मला बरं वाटणार नाही.

गुरुजी डोंगरगडच्या शाळेत गणित शिकवायचे. माझे वडील रेल्वेत गँगमन. आमचं मूळ भंडाऱ्याकडचं. वडील रुळांबरोबर पूर्वेकडे सरकत सरकत डोंगरगडला येऊन थांबले. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, शेजारी छत्तीसगढी, शाळेत हिंदी. बारावीपर्यंत पोचलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे बारावीच्या पुढे काय असतं हे सांगणारं कोणी नव्हतं. वडिलांनी त्यांच्या साहेबांजवळ माझ्यासाठी रेल्वेतल्या खलाशाच्या, म्हणजे मदतनिसाच्या, कामाचं बोलून ठेवलं होतं. गुरुजींना हे कळलं तेव्हा ते सायकलवरून आमच्या क्वार्टरला आले, बाजेवर बसले, आईनं दिलेला चहा प्यायले, आणि चहा संपेपर्यंत कामाचं काही बोललेच नाहीत.

शेवटी वडीलच म्हणाले, "गुरुजी, साहेब पोट्ट्याले लावून घेतो म्हनते. अजून काहून शिकवाचं?"

गुरुजींना मराठी समजायची, बोलता येत नसे. ते म्हणाले, "साहब से कहिए, लड़का आएगा। पहले बीएससी कर ले, फिर आएगा।"

वडिलांनी साहेबांना खरंच तसं सांगितलं. मी बीएससी झालो, पुढे एमएससी झालो, सरकारी शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो, आणि खलाशी व्हायचं राहिलं ते राहिलंच. वडील शेवटपर्यंत मला चिडवायचे, "साहेब तुही वाट पाहून राहिला असंन रे."

माझी बहुतेक नोकरी रायपूरला लागून असलेल्या बीरगावात गेली. शाळेच्या मागूनच कारखान्यांची हद्द सुरू होते. सकाळी वर्ग उघडला की बाकांवर लोखंडाची बारीक काळी धूळ बसलेली असायची, आणि मुलं हजेरीआधी बाहीनं बाक पुसायची. त्यांचे बाप त्याच धुळीत कामाला. अकरावी-बारावीला मी गणित शिकवलं. हिंदी माध्यमात ज्याला समाकलन म्हणतात आणि मराठी पुस्तकांत संकलन, तो धडा दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी यायचा. त्या धड्यातल्या एका अक्षरानं मला जितकं थक्क केलं तितकं नोकरीतल्या दुसऱ्या कशानं केलं नाही. हा लेख त्या अक्षराविषयीच आहे. ज्यांचा गणिताशी संबंध सुटून जमाना झाला त्यांनी घाबरू नये. मी टाकीपासून सुरुवात करतो, वर्गातही तशीच करायचो.

छतावर पाण्याची टाकी आहे. तिच्यात नळ पडतोय. धार कधी जोराची, कधी करंगळीएवढी. समजा कुणी त्या धारेवर नजर ठेवून बसलं, आणि प्रत्येक क्षणी पाणी किती वेगानं येतंय ते त्याला कळत गेलं. तर टाकीत किती भर पडली ते तो माणूस बरोबर सांगू शकेल. वेगावरून भरीकडे जाण्याच्या या वाटेला संकलन म्हणतात. आता त्याला विचारा, टाकीत एकूण पाणी किती आहे? भर किती पडली ते त्याला थेंबापर्यंत ठाऊक आहे. पण नळ सुरू झाला तेव्हा टाकीत आधी किती पाणी होतं, हे धारेकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही. त्यासाठी शिडी लावून, झाकण उघडून, आत डोकवावं लागतं.

म्हणून आम्ही उत्तराच्या शेवटी एक अक्षर जोडतो: अधिक C. आधी असलेलं, आणि आपल्याला न सांगितलेलं. असं उत्तर ज्याला येतं त्याला अनिश्चित संकलन म्हणतात. नाव थोडं फसवं आहे. अनिश्चित म्हणजे अंदाजपंचे नव्हे. एक संख्या सोडली तर त्यात बाकी सगळं पक्कं असतं.

गुरुजींनी मला हे टाकीनं शिकवलं नव्हतं, तारेनं शिकवलं होतं. बारावीत ते एक दिवस वर्गात कुंपणाला वापरतात तसली जाड तार घेऊन आले. तारेला दोन उंचवटे वाकवलेले होते, एक लहान, एक मोठा, आणि मधे एका जागी लाल धागा बांधलेला. त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ ओढली, धागा त्या रेघेवर येईल अशी तार फळ्याला टेकवली आणि तिच्या कडेनं खडू फिरवला. मग धागा त्याच रेघेवर ठेवून तार वीतभर वर उचलली, पुन्हा खडू फिरवला. मग खाली आणून पुन्हा. फळ्यावर एकाखाली एक तीन वक्र झाले. उभ्या रेघेपाशी तिन्ही वक्रांना पट्टी टेकवून त्यांनी दाखवलं की तिन्हींचा कल सारखा आहे. दुसरी उभी रेघ ओढली, तिच्यावरही कल सारखा. कुठेही ओढा. उंची वेगळी, कल तोच.

मग त्यांनी तिन्ही वक्र पुसून टाकले. फळ्यावर नुसते कलाचे छोटे छोटे तुकडे ठेवले, तिरप्या पावसासारखे.

"अब मैंने तुमको सिर्फ झुकाव बताया है," ते म्हणाले. "तार कैसी थी?"

एका मुलानं उठून तुकड्याला तुकडा जोडत खडू फिरवला, आणि पुसलेली तार जशीच्या तशी परत आली. दोन उंचवटे, एक लहान, एक मोठा. नुसत्या कलांवरून पूर्ण आकार परत मिळतो, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पुसलेल्या फळ्यातून ती वर येताना पाहिली नव्हती.

"अच्छा, अब बताओ तार मैंने कहाँ रखी थी? ऊपर, बीच में, कि नीचे?"

कोणी म्हणालं वर, कोणी म्हणालं खाली. गुरुजी हसले. म्हणाले, "नहीं बता सकते। दुनिया भर का गणित लगा लो, तब भी नहीं। कोई बताने वाला चाहिए। वही C है।"

मी शिक्षक म्हणून लागलो तेव्हा गुरुजींना भेटायला गेलो, आणि निघताना त्यांनी ती तार माझ्या पिशवीत घातली.

आता या अक्षराचं आमच्या धंद्यात प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. परीक्षेत C लिहायचा राहिला की अर्धा गुण कापतात. म्हणून मुलं तो लिहितात. पूजा झाल्यावर कपाळाला टिळा लावावा तसा लिहितात. भनपुरीत ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान असलेले एक पालक एकदा मला भेटायला आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, मास्टरजी, हा C जर प्रत्येक उत्तरात लागतो, तर तो एकदाच नीट पाठ करून घ्या ना. दुसरा एक नमुना बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासताना आला. एका मुलानं पहिल्याच पानावर चौकट करून लिहिलं होतं, "इस कॉपी के सभी उत्तरों में + C मान लिया जाए।" ती उत्तरपत्रिका टेबलाटेबलांवरून फिरली. कोणी म्हणालं, याला सगळे गुण द्या, यालाच कळलंय. कोणी म्हणालं, याला काही कळलेलं नाही, यानं त्रिकोणमितीतही C धरायला सांगितलाय. शेवटी मुख्य परीक्षक म्हणाले, ही उत्तरपत्रिका आहे, सरकारी परिपत्रक नाही, आणि गुण कापले गेले.

मी दरवर्षी तार काढायचो. मुलं टाळ्या वाजवायची, मग गाइड उघडून टिळा लावायला लागायची. धडा संपवायचा असतो, पुढचा डोक्यावर असतो. जी मुलं कळल्याशिवाय पुढे गेली त्यांची रुखरुख आहेच.

खिलेश्वरी साहू त्यांतली नव्हती. तिचे वडील खेमलाल उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये. मोठी बहीण बारावीनंतर तिथंच एका कंपनीत पॅकिंगला लागलेली. खिलेश्वरी पहिल्या बाकावर बसायची नाही, फारसं बोलायची नाही, पण एखादी गोष्ट पटली नाही तर पेन खाली ठेवून द्यायची. तार दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पेन खाली ठेवलेलं दिसलं.

"क्या हुआ?"

"सर, C कितना है ये कौन बताएगा?"

"सवाल बताएगा, अगर बताना चाहे तो।"

"और नहीं बताया तो?"

"तो जितनी ऊँचाइयाँ हैं, सब जवाब हैं।"

ती म्हणाली, "मतलब जवाब एक नहीं है, पूरा परिवार है।" पुस्तकातही 'वक्रकुल' असा शब्द आहे, पण तिनं पुस्तकाचं ते पान उघडलेलं नव्हतं. मग ती "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि पेन उचललं.

त्याच वर्षी शहरातल्या एका संस्थेनं कामगारांच्या मुलींसाठी निवड परीक्षा ठेवली. निवड झाली की वसतिगृह, कॉलेज, पुस्तकं, सगळं संस्थेकडे. जागा मोजक्या. खेमलालनं घरी सांगून ठेवलं होतं: नाव आलं तर नोनी, म्हणजे पोरगी, शिकेल, नाही आलं तर बहिणीबरोबर पॅकिंगला जाईल. तो वाईट माणूस नव्हता. याच्या पलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं, आणि तसं तो मला स्पष्ट बोलला. मला माझ्या वडिलांची बाज आठवली.

यादी लागली. खिलेश्वरीचं नाव काठावर राहून गेलं होतं.

परीक्षेत नुसतं उत्तर चौकटीत लिहायचं होतं, रीत दाखवायची नव्हती. संस्थेनं आदर्श उत्तरं भिंतीवर लावली आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दावा-आपत्तीसाठी थोडे दिवस दिले. म्हणजे ज्याला उत्तर चुकीचं वाटतं त्यानं लिहून द्यायचं. खिलेश्वरी आदर्श उत्तरं उतरवून घेऊन आली. एक प्रश्न होता, साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचं संकलन करा. आदर्श उत्तर: साइन वर्ग एक्स भागिले दोन, अधिक C. तिनं लिहिलं होतं: वजा कॉस दोन एक्स भागिले चार, अधिक C. तिला शून्य.

दिसायला दोन उत्तरं एकमेकांच्या ओळखीचीही नाहीत. एकात साइन, दुसऱ्यात कॉस, एकात वर्ग, दुसऱ्यात नाही, एकामागे वजा. तपासणाऱ्यानं चौकटीतलं उत्तर भिंतीवरच्या उत्तराशी ताडून पाहिलं आणि फुली मारली. तो कारकून होता, त्याचा दोष नाही. पण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. एकाच प्रश्नातून दोन रस्ते निघतात, दोन मुली दोन रस्त्यांनी जातात आणि एकाच परिवारात पोचतात.

मी हे तिला सांगायच्या आत तिनं मला वही दाखवली. शून्य अंशाला दोन्ही उत्तरांची किंमत काढून वजाबाकी केली होती: पाव. तीस अंशाला: पाव. पंचेचाळीसला, नव्वदला: पाव.

"कोई भी कोण ले लो सर, फरक पाव ही आता है," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शून्य मिळालं होतं, पॅकिंगची नोकरी समोर होती, आणि ती पोरगी आधी थक्क झाली होती. मीही झालो. त्रिकोणमितीचं सूत्र वापरून हा पाव दोन ओळींत सिद्ध होतो, मी तो शेकडो वेळा करून दाखवलाय. तरी ज्या दोन उत्तरांचे चेहरे इतके वेगळे, ती सगळ्या वाटेवर एकमेकांपासून बरोबर पाव अंतर राखून चालतात, एकदाही जवळ येत नाहीत, एकदाही लांब जात नाहीत, हे त्या दिवशी मी तिच्या वहीत नव्यानं पाहिलं.

आदर्श उत्तरं आपटे सरांनी तयार केली होती. कॉलेजातून निवृत्त झालेले, रायपूरच्या ब्राह्मणपारा या वस्तीत राहतात. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात रायपूरला आलेलं, आमचं रेल्वेच्या काळात. आम्ही दोघं मराठी, पण भेट पहिलीच. मी बिचकतच गेलो. त्यांनी दोन्ही उत्तरं वाचली आणि कपाळावर हात मारला.

"नंदेश्वर, हे बरोबरच आहे हो. यात विचारायचं काय? एक ओळ लिहायची राहिली माझी, की फक्त स्थिरांकाचा, म्हणजे C चाच, फरक असेल तर तेही बरोबर धरा. मला वाटलं कॉप्या गणितवालाच बघेल."

मी विचारलं, मग आता?

"आता सगळ्या कॉप्या पुन्हा उघडाव्या लागतील, आणि त्याला सेठजींची परवानगी पाहिजे. मी सांगीन त्यांना. पण माझ्या सांगण्यानं ते म्हणतील, सर, तुम्हीच एक उत्तर दिलं, आता तुम्हीच दोन म्हणता. त्यांना दाखवावं लागेल." मग म्हणाले, "मुलीला घेऊन या. तिलाच दाखवू द्या."

सेठजी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, राइस मिलवाले. खिलेश्वरीनं तयारी केली. आलेख कागदावर दोन्ही उत्तरांचे वक्र काढले, आदर्श उत्तराचा निळा, स्वतःचा लाल. खेमलालनं मिलमधून पातळ तारेचा तुकडा आणला, आणि बापलेकीनं मिळून तो लाल वक्रावर तंतोतंत बसेल असा वाकवला. कागदावर एक उभी रेघ ओढली, आणि ती वक्राला जिथं छेदत होती त्या जागी तारेला रक्षासूत्राचा धागा बांधला. खेमलालच्या हाताला लोखंडाची सवय. तो म्हणाला, ही तार मला वाकवायला सांगितली तशी मी वाकवली, पण ही कशाची आहे ते मला नोनीनं सांगितलं तरी कळलं नाही. मी त्याला म्हणालो, आजवर अनेकांना कळलेली नाही.

संस्थेच्या कार्यालयात सेठजी, आपटे सर, मी, खिलेश्वरी. खेमलाल दाराशी उभा होता, सेठजींनी त्याला आत बोलावून बसवलं. मग म्हणाले, एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर असतील तर उद्या प्रत्येक जण म्हणेल माझंही बरोबर. त्यांचं बोलणं मला अगदी वाजवी वाटलं.

खिलेश्वरीनं कागद टेबलावर पसरला. तार लाल वक्रावर ठेवली, धागा उभ्या रेघेवर. मग धागा रेघेवरून हलू न देता तार हळूहळू वर सरकवली. पाव एकक वर गेल्यावर ती निळ्या वक्रावर बसली. कुठे फट नाही, कुठे उंच नाही. आपटे सरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. त्यांना हे सगळं आयुष्यभर ठाऊक होतं, तरी ते कागदावर वाकून पाहत होते.

सेठजी म्हणाले, "तो बिटिया, असली जगह कौन-सी है? ऊपर वाली कि नीचे वाली?"

"वो तो सवाल में दिया ही नहीं है, दादा। दिया होता तो जवाब एक ही होता।"

सेठजींनी मान हलवली. मग त्यांनी स्वतःच तार हातात घेतली आणि बाजूला सरकवली. "और कोई ऐसे रख दे तो? इसको भी नंबर दें?"

हीच चूक माझ्या वर्गात दरवर्षी होते. तार दिली की मुलं ती आधी बाजूला ढकलतात. मी तोंड उघडणार होतो, पण खिलेश्वरीनं धाग्यावर बोट ठेवलं होतं.

"धागा लकीर से हट गया। अब इस जगह झुकाव दूसरा हो गया। ये गलत है। ऐसे वाले को नंबर मत देना, दादा।"

सेठजी हसले. "मतलब छूट तो है, पर एक ही तरफ की।"

अनिश्चित संकलनाचा अर्थ मी इतक्या वर्षांत याहून थोडक्यात कोणाकडून ऐकलेला नाही. मी नंतर वर्गात हे वाक्य सेठजींच्या नावानं सांगत असे.

उत्तरपत्रिका पुन्हा तपासायचं ठरलं. बाहेर पडल्यावर खेमलाल मोटारसायकल काढायला गेला. खिलेश्वरी कार्यालयाशेजारच्या देवळाच्या पायरीपाशी तार हातात धरून उभी होती. मला वाटलं आनंदात असेल.

"सर, मेरा नाम आएगा तो किसी का जाएगा न?"

मी हो म्हणालो. ती म्हणाली, "उसको भी पता नहीं होगा काबर गया।" काबर म्हणजे का. आपलं नाव का गेलं, हे त्या मुलीला कधी कळणारही नाही.

नवी यादी लागली. खिलेश्वरीचं नाव आलं. जुन्या यादीतलं शेवटचं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. त्या मुलीला पुढे जागा मिळाली का, याची मी एक-दोनदा चौकशी केली. नीट उत्तर मिळालं नाही. ते नाव मला अजून आठवतं, इथं लिहीत नाही.

वसतिगृहात जाण्याआधी खिलेश्वरी शाळेत आली. तिची तार पुढच्या वर्गासाठी ठेवून गेली. फळ्याशेजारच्या खिळ्यावर ती आजही टांगलेली आहे. मग तिनं गुरुजींची तार पाहायला मागितली. बराच वेळ ती हातात फिरवून पाहिली आणि मला एक प्रश्न विचारला. तो मी वहीत टिपून ठेवला. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो, गुरुजींची तार घरी घेऊन आलो, आणि त्यांना पत्र लिहिलं. मूळ पत्र हिंदीत आहे. इथं मराठीत देतो.

"आदरणीय गुरुजी, सादर प्रणाम.

तुमची तब्येत बरी असेल. मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, भाषणं झाली, माझ्याविषयी जे बोलले गेले ते ऐकून वडिलांचे साहेब आठवले. त्यांना आता कळवायला हरकत नाही की मुलगा येत नाही.

तुम्ही दिलेली तार सगळी नोकरीभर वापरली. लाल धागा दोनदा बदलला, जागा बदलली नाही. वाकही तसेच आहेत, मुलांच्या हातांनी तार थोडी गुळगुळीत झाली आहे. खिलेश्वरी साहू नावाची माझी एक विद्यार्थिनी आता कॉलेजात गणित शिकते. तिनं स्वतःची तार वाकवली आणि एका राइस मिलवाल्या सेठजींना C समजावला. तुम्ही तिथं असायला हवं होतं. मला तेव्हा डोंगरगडचा तो पुसलेला फळा दिसत होता, नुसते तिरपे तुकडे, आणि त्यांतून वर येणारी तार.

तुम्ही आमच्या घरी बाजेवर बसलात त्या दिवसापासून मी किती चाललो, ते माझ्या नोकरीच्या कागदांत लिहिलेलं आहे. त्या दिवशी मी कसा होतो, हे पाहिलेले आता तुम्ही एकटेच आहात. आई-वडील नाहीत. कधी आलो तर सांगा.

आज पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. खिलेश्वरीनं तुमची तार हातात घेतली आणि विचारलं, ही गुरुजींना कोणी दिली? त्यांनीच वाकवली, की त्यांच्याही गुरुजींची होती? इतकी वर्षं ती माझ्या हातात होती, आणि मी हे तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. मी तिला म्हणालो, डोंगरगडपासून पुढचं सगळं मी सांगू शकतो, त्याच्या आधीचं मला ठाऊक नाही.

ती दर सुट्टीत येऊन विचारते. पोस्टकार्डावर एक ओळ लिहिलीत तरी पुरे.

तुमचा विद्यार्थी,
नंदेश्वर"